बाबा समोरच्याची हुबेहूब नक्कल करतात, हे डिमेन्शिया की डिप्रेशन?

थकलेली_लेक

नमस्कार मंडळी, विषय जरा विचित्र आहे, नीट मांडता येईल की नाही माहीत नाही, सांभाळून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे. दीडेक वर्षापासून गप्प गप्प झालेत, कशात रस नाही, बसवलं तिथे बसतात, पेपर हातात दिला तर धरून बसतात पण वाचत नाहीत. सायकियाट्रिस्टनी डिप्रेशन म्हणून गोळ्या चालू केल्या, झोप थोडी सुधारली, बाकी जैसे थे. आणि आता गेल्या काही महिन्यांत हे नवीनच सुरू झालंय. समोरचा जे करेल ते करायचं. आई कपाळावरचे केस मागे सारते ना, तर बाबा पण हात वर नेऊन तस्सेच केस मागे सारतात, आणि बाबांच्या डोक्यावर केस कधीचेच नाहीत! दादा फोनवर बोलताना मान चोळतो, की हे समोर बसून मान चोळणार. मी विचारलं "बाबा गोळी घेतली का?" तर उत्तर येतं "गोळी घेतली का". परवा एक ओळखीचे भेटायला आले, त्यांना खोकल्याची सवय, ते खोकले की बाबा खोकायचे, ते गृहस्थ शेवटी उठूनच गेले, त्यांना वाटलं हे टिंगल करतायत.

दादा भयंकर चिडतो, म्हणतो मुद्दाम करतात, कारण "असं करू नका" म्हटलं की "हो" म्हणतात, म्हणजे कळतंय की त्यांना! आणि मिनिटभरात परत चालू. मी एकदा शांतपणे विचारलं का करता असं, तर म्हणाले "करायचं ना?" जसं काही आम्हीच सांगितलंय.

अजून एक, आईचा चष्मा टेबलावर होता तो उचलून स्वतःच्या चष्म्यावर चढवला आणि बसले तसेच. आम्ही हसलो आधी, मग हसू आलं नाही.

तर प्रश्न असे की डिप्रेशनमध्ये असं होतं का? न्यूरोलॉजिस्टकडे जावं का? आणि घरात काय करायचं, टोकायचं की सोडून द्यायचं? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

शंकासुर

ताई एवढं टेन्शन घेऊ नका असं माझं मत. नक्कल तर आपण सगळेच करतो. एकाने जांभई दिली की दुसऱ्याला येते. १९९९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झालेला, चार्ट्रांड आणि बार्ग अशी त्या संशोधकांची नावं, त्यात अनोळखी माणसासोबत काम करायला बसवलं आणि तो माणूस मुद्दाम चेहरा चोळायचा किंवा पाय हलवायचा, तर लोक नकळत तेच जास्त करायला लागले. मेंदूत मिरर न्यूरॉन्स असतात, म्हणजे समोरच्याची कृती नुसती बघूनही जाग्या होणाऱ्या पेशी, त्यामुळे होतं हे. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण म्हणतातच. शिवाय लक्ष वेधून घ्यायला पण करत असतील, दिवसभर कोण बोलतं हो म्हाताऱ्या माणसांशी.

निवृत्त_फिजिशियन

शंकासुर, प्रयोगाचं बरोबर आहे पण निष्कर्ष घाईचा वाटतो. त्या प्रयोगातल्या लोकांना आपण चेहरा चोळतोय हे माहीतही नव्हतं, आणि कुणी लक्षात आणून दिलं असतं तर ते लगेच थांबले असते. इथे बाबांना सांगितलंय, त्यांनी "हो" म्हटलंय, आणि तरीही हात वर जातोय. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि मिरर न्यूरॉन म्हणाल तर ते १९९० च्या दशकात इटलीत पार्मा इथे माकडांच्या मेंदूत सापडले, माणसाच्या प्रत्येक वागण्याचं खापर त्यांच्यावर फोडायची फॅशन नंतर आली.

लेकताई, आधी सांगतो मी मेंदूचा तज्ज्ञ नाही, आयुष्यभर जनरल प्रॅक्टिस केली. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला पॅरिसचे न्यूरोलॉजिस्ट फ्रान्स्वा ल्हेर्मित आठवले. त्यांनी १९८३ मध्ये एक वागणं नोंदवलं, पेशंटसमोर वस्तू ठेवली की न सांगता तो ती वापरायला लागतो. त्यांच्या नोंदीत चष्म्याचं उदाहरण आहेच, पेशंटला चष्मा दिला तर त्याने घातला, दुसरा दिला तर पहिल्यावरच चढवला. तुमच्या बाबांसारखंच. मग १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकलेबद्दल लिहिलं. डॉक्टर समोर बसून काहीबाही हातवारे करायचे, एक शब्द न बोलता, आणि ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला म्हणजे फ्रंटल लोबला इजा होती ते पेशंट ते सगळं करायचे. का केलंत विचारलं तर साधारण उत्तर हेच, की आम्हाला वाटलं करायचं आहे. "करायचं ना?" हे तुमच्या बाबांचं वाक्य वाचून मी दचकलोच. निरोगी माणसं मात्र तिथे नक्कल करत नव्हती, ती बघत बसायची की डॉक्टरांना झालंय काय.

त्यांचं स्पष्टीकरण सोप्या भाषेत असं, की डोळ्यांनी काही दिसलं की मेंदूचा मागचा-वरचा भाग, पॅरायटल लोब, हाताला "कर" म्हणून ढकलत असतो, ते आपल्या सगळ्यांतच चालू असतं, आणि फ्रंटल लोब गाडीच्या ब्रेकसारखा त्याला धरून ठेवतो. ब्रेक झिजला की दिसलं ते केलं. कळणं आणि थांबवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, बाबांचं पहिलं शाबूत आहे, दुसरं गेलंय. दादांना हे एवढंच सांगा. "हो" म्हणणं खरं आहे आणि हात वर जाणंही खरं आहे, दोन्हीत लबाडी कुठेच नाही.

आता डिमेन्शिया की डिप्रेशन. जपानमधल्या शिमोमुरा आणि मोरी यांनी १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याच मुद्द्यावर लिहिलं होतं, की "करू नका" सांगूनही चालूच राहणारी हट्टी नक्कल फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणजे एफटीडी आणि अल्झायमर यांच्यात फरक करायला उपयोगी पडते, ती एफटीडीकडे बोट दाखवते. म्हणजे नुसती नक्कल होते का यापेक्षा सांगितल्यावर थांबते का, हे जास्त महत्त्वाचं. पण एफटीडी बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, बाबा त्यापेक्षा थोडे मोठे आहेत, अर्थात नंतर होतच नाही असं नाही. एका लक्षणावरून कुणी निदान करत नाही, आणि इथे बसून तर मी मुळीच करणार नाही.

न्यूरोलॉजिस्टकडे जा, हो, नक्की जा. सायकियाट्रिस्टला सोडून नाही, दोघांना एकमेकांचे कागद दाखवा.

सूनबाई_घरचीच

ताई तुमची पोस्ट वाचून अगदी आमच्याच घरातलं वाटलं. माझ्या सासूबाईंना एफटीडी आहे. आमच्याकडे पण सुरुवातीला डिप्रेशनच सांगितलं होतं, कारण त्या उदास बसायच्या असं आम्हीच डॉक्टरांना सांगायचो. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, त्या रडतात का, मी ओझं झाले, माझं चुकलं, जगून काय करू असं काही बोलतात का? आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो कारण असं त्या कध्धीच बोलल्या नव्हत्या. दुःख नव्हतंच, नुसता कोरेपणा होता. सख्खी बहीण गेली तेव्हा सुद्धा "बरं" म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले हे औदासीन्य आहे, उदासी नाही. तुमच्या बाबांचं कसं आहे ते आठवून बघा, डॉक्टर विचारतीलच.

घरात काय करायचं ते सांगते, आमचं तर सगळं घरच यावर चालतं आता. टोकून काही होत नाही, उलट त्या "असं करू नका" हेच वाक्य परत म्हणायच्या आणि यांचा अजून संताप. मग मी उलटं सुरू केलं. दात घासायला सांगितलं की नुसत्या उभ्या राहायच्या, ब्रश हातात धरून. आता मी माझा ब्रश घेऊन आरशासमोर शेजारी उभी राहते, काही बोलत नाही, घासायला लागते, की त्यांचा हात आपोआप चालू. जेवताना पण समोर बसून मी घास घेतला की त्या घेतात, मी पाणी प्यायले की त्या पितात. मी हळू चावते म्हणून त्या पण हळू चावतात, आधी भराभर कोंबायच्या आणि ठसका लागायचा. कपडे बदलताना मी माझ्या अंगावर एक शर्ट चढवते, बाही, दुसरी बाही, त्या मागोमाग. नणंद म्हणते वहिनी तू तर नाटक कंपनी काढलीस 😄 काढली तर काढली, भांडण तरी बंद झालं.

एकच जपा, धारदार वस्तू, औषधाच्या बाटल्या, गॅसचा लायटर हे समोर पडू देऊ नका. दिसलं की हात जातोच. आमच्याकडे यांना दाढी करताना बघितलं आणि नंतर रेझर उचलून गालावर फिरवायला गेल्या. तेव्हापासून बाथरूमला कडी.

शंकासुर

ओके, "करू नका" सांगूनही चालू राहतं हा मुद्दा मी नीट वाचला नव्हता. पण मग एक शंका राहतेच, नावच तसं आहे माझं. ताईंनी विचारलंय डिप्रेशनमध्ये असं होतं का, त्याचं सरळ उत्तर कुणीच दिलं नाही.

निवृत्त_फिजिशियन

रास्त प्रश्न. हो, होऊ शकतं. त्याच ल्हेर्मितनी १९९३ मध्ये मेजर डिप्रेशनच्या पेशंटमध्येही नक्कल करणं आणि दिसेल ती वस्तू वापरणं हे दोन्ही नोंदवलं होतं. म्हणजे फ्रंटल लोबला गाठ, स्ट्रोक, झीज असं काही नसतानाही तो भाग मंद पडला तर ब्रेक ढिला होतो. आणि डिप्रेशन उतरलं की हे वागणंही मागे हटू शकतं, झीज झालेल्या मेंदूत तशी आशा कमी. म्हणून तर डिप्रेशनवरचा उपचार अर्धवट सोडू नये. म्हाताऱ्या माणसांत डिप्रेशन कधी कधी डिमेन्शियाचं सोंग घेतं, त्यावर लेस्ली किलोह यांनी १९६१ मध्येच लिहून ठेवलंय. उलटही घडतं, डिमेन्शियाची सुरुवातच डिप्रेशनसारखी दिसते. दोन्ही एकत्र असणं तर अगदीच कॉमन.

आणखी एक तिसरी शक्यता आहे जी लोक विसरतात, कॅटॅटोनिया, म्हणजे हालचाल आणि बोलणं विचित्रपणे बिघडण्याची अवस्था. दुसऱ्याचे शब्द परत म्हणणं आणि दुसऱ्याच्या हालचाली परत करणं ही त्याच्या १२ लक्षणांपैकी दोन आहेत, निदानाला किमान तीन लागतात. गंभीर डिप्रेशनमध्ये तो होऊ शकतो. हात वर करून दिला की तसाच वर राहतो, बोलणं जवळपास बंद, खाणंपिणं नाकारणं, तासन् तास एकाच पोझमध्ये असं काही दिसत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, लगेच दाखवा. त्यावर लोराझेपामसारख्या औषधाने बऱ्याचदा चांगला फरक पडतो आणि उशीर केला तर धोका असतो. ताई, बाबांचं असं काही आहे का?

थकलेली_लेक

बापरे एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. दादाला डॉक्टरकाकांचा मेसेज वाचून दाखवला, काही बोलला नाही पण संध्याकाळी बाबांनी त्याच्यासारखी मान चोळली तेव्हा गप्प बसला, आमच्यासाठी हे पण खूप आहे.

काका, हात तसाच राहणं वगैरे नाही. खातात पितात, उलट जास्तच खातात, गोड तर डबा लपवावा लागतो, आधी गोडाकडे ढुंकून बघत नव्हते. पोझ धरून बसत नाहीत, घरभर फेऱ्या मारतात. आणि सूनबाई, तुमचा प्रश्न वाचून मी आणि आई बोललो, रडणं अजिबात नाही, "मी ओझं झालो" असं कधी नाही. आईला मध्ये ताप होता चार दिवस तर तिच्याजवळ गेले पण नाहीत, आणि बाबा असे नव्हते हो, आईला साधी शिंक आली तरी वाफारा तयार ठेवायचे.

ब्रशची आयडिया उद्यापासून करून बघते. पण मनात एक येतं, असं आपण त्यांना मुद्दाम नक्कल करायला लावली तर ती सवय अजून वाढणार नाही का?

ओटीताई

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, रोज अशाच पेशंटबरोबर काम असतं म्हणून लिहिते.

नाही, वाढत नाही. तो शिकलेला खोडकरपणा नाहीये की लाड केले तर फोफावेल. तुम्ही लावा नाहीतर न लावा, समोर जे दिसेल ते ते करणारच आहेत, मग दिसायला काय ठेवायचं एवढंच आपल्या हातात.

फक्त हे सगळ्यांना चालत नाही हे पण सांगते, नाहीतर अल्झायमरवाले वाचून करायला जातील आणि वैतागतील. अल्झायमरमध्ये बऱ्याचदा उलटी गंमत असते, "मी करते तसं करा" म्हणून बोटांची एखादी अर्थ नसलेली खूण दाखवली तर पेशंटला ती जमतच नाही, बोटं कुठे ठेवायची कळत नाही. म्हणजे सांगून केलेली नक्कल आणि न सांगता आपोआप होणारी नक्कल यांचे रस्ते वेगळे आहेत. त्यामुळे माझी पद्धत अशी, सूचना देतच नाही, विशेषतः "बघा, असं करा" हे तर नाहीच. शेजारी किंवा समोर बसायचं, ओळखीची रोजची कृती घ्यायची, कंगवा, टॉवेल, पाण्याचा ग्लास, एका वेळी एकच वस्तू टेबलावर, आणि आपण सावकाश करायला लागायचं. टीव्ही बंद, कारण टीव्हीवरचा माणूस पण "समोरचा"च असतो त्यांच्यासाठी. खोलीत तिसरा माणूस येरझाऱ्या घालत असेल तर त्याला बाहेर काढा, नाहीतर बाबा कंगवा सोडून त्याच्या मागे.

नकलेचा त्रास कमी करायचा असेल, म्हणजे पाहुणे वगैरे आले, तर बाबांच्या हातात काहीतरी द्या. घड्या घालायला रुमाल, हाताळायला काहीतरी मऊ. हात कामात असले की समोरच्याच्या हातामागे जाणं बऱ्यापैकी कमी होतं. पाहुण्यांना अगदी समोर न बसवता थोडं बाजूला बसवा. आणि येण्याआधीच फोनवर सांगून टाका की आजारामुळे असं होतं, म्हणजे कुणी उठून जाणार नाही. प्रश्न विचारताना "गोळी घेतली का" ऐवजी गोळी आणि पाणी समोर ठेवा आणि "ही गोळी" एवढंच म्हणा. परत बोलायला शेपूट कमी मिळतं 🙂

आणि दादांसाठी खास. हालचाली तशाच भावना पण उचलल्या जातात. २०१३ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात स्मृतीचा त्रास सुरू झालेल्या आणि अल्झायमरच्या लोकांना समोरच्याच्या भावना जास्त लागतात असं दिसलं, मेंदूचा टेम्पोरल भाग झिजलेला असण्याशी त्याचा संबंध होता. एफटीडीत भावनांचं वेगळं असतं, तिथे माया आटलेली असते, पण आवाज चढला की आवाज चढतो हे मी दोन्हीकडे बघितलंय. दादा ओरडले की बाबा ओरडतील आणि मग दोघांपैकी आधी थांबायची क्षमता एकाचीच आहे.

निवृत्त_फिजिशियन

लेकताई, गोडाची ओढ, फेऱ्या, आई आजारी असताना जवळ न जाणं, हे तिन्ही न्यूरोलॉजिस्टला ठळक करून सांगा. एफटीडीचे २०११ चे जे निकष आहेत त्यात सहा गोष्टी बघतात, तोल सुटलेलं वागणं, औदासीन्य, माया आटणं, तेच ते करत राहणं, खाण्याच्या सवयी बदलणं, आणि नियोजनात गडबड पण स्मरणशक्ती त्यामानाने बरी. सहापैकी तीन असले तर "शक्यता आहे" म्हणतात, "बहुधा तोच" म्हणायला एमआरआय वगैरे लागतं. तुम्ही जे लिहिलंय ते ऐकून तिथला डॉक्टर पुढचं बघेल.

ते बहुधा एक छोटी चाचणी घेतील, फ्रंटल असेसमेंट बॅटरी, ती पण पॅरिसच्याच लोकांनी २००० मध्ये केलेली, सहा भाग, १८ गुण, दहा मिनिटांत होते. त्यात एक भाग असा, डॉक्टर स्वतःचे हात पेशंटच्या तळव्यांना लावतात आणि तो न सांगता हात पकडतो का बघतात, मग सांगतात "आता पकडू नका" आणि परत करतात. घरी मात्र अशा परीक्षा घेत बसू नका, सगळ्यांनाच त्रास. रक्तात बी१२ आणि थायरॉइड झालंय का बघा, नसेल तर करून न्या, पडल्याचा इतिहास असेल तर तोही सांगा, डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त पण माणसाला असं बदलू शकतं आणि ते काढता येतं.

औषधांबद्दल दोनच गोष्टी, बाकी तुमचे डॉक्टर. अल्झायमरसाठीचं डोनेपेझिल एफटीडीत उपयोगी ठरलेलं नाही, काहींचं वागणं त्याने बिघडतं, म्हणून "स्मरणशक्तीची गोळी" म्हणून कुणी सहज दिली तर निदान काय धरलंय ते विचारा. दुसरं, शांत करायला म्हणून जी अँटिसायकोटिक देतात त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००५ मध्ये डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो अशी कडक सूचना काढलेली आहे. कधी द्यावी लागतात, नाही असं नाही, पण नक्कल करतात एवढ्यासाठी नको. नकलेने बाबांना काही त्रास नाहीये.

थकलेली_लेक

लिहून घेतलं सगळं. पुढच्या आठवड्यात न्यूरोची वेळ मिळालीये. व्हिडिओ काढून न्यावा का? आणि डॉक्टरांना बाबांसमोरच सगळं सांगायचं का, त्यांना वाईट वाटेल का?

सूनबाई_घरचीच

व्हिडिओ न्याच, आमच्या सासूबाई डॉक्टरांसमोर अगदी शहाण्यासारख्या बसायच्या, नमस्कार वगैरे, आणि आम्हीच खोटे पडायचो. फक्त काढताना मोबाईल कुठेतरी टेकवून ठेवा, हातात धरलात तर बाबा पण मोकळा हात डोळ्यांसमोर धरून बसतील, आमच्याकडे पहिले सगळे व्हिडिओ तसलेच आहेत. सांगायचं म्हणाल तर आम्ही सगळं एका कागदावर तारखांसकट लिहून आत पाठवलं होतं, डॉक्टरांनी आधी वाचलं आणि मग आम्हाला बोलावलं, समोर काही बोलावंच लागलं नाही.